वर चाप, खाली मोकळे

केसांवरून बोलणी खाल्ली नाहीत अशी मुलगी रायगडच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात शोधूनही सापडायची नाही. दोन वेण्या वर बांधल्या नाहीत म्हणून शाळेत बाई ओरडतात. तिन्हीसांजेला केस सोडून अंगणात उभी राहिली म्हणून आजी ओरडते. लग्नात घट्ट अंबाडा घातला तर ‘काय गं, एवढ्यात म्हातारी झालीस?’ आणि सगळे मोकळे सोडले तर ‘बांध ते आधी, जेवणात पडतील.’ या बोलण्यांतून वाट काढत इथल्या पोरीबाळींनी आपल्यापुरता तोडगा केव्हाच काढला आहे. कानांच्या वरचे केस मागे घ्यायचे, चाप लावायचा आणि उरलेले पाठीवर सोडायचे. कुणी त्याला हाफ पोनी म्हणतं, कुणी हाफ क्लच, कुणी नुसतंच ‘अर्धे बांधलेत’. कर्जत तालुक्यातल्या पोशीर गावापासून खोपोलीपर्यंत कुठल्याही साखरपुड्यात, बारशात किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ही रचना हमखास दिसते.

वर्तमानपत्रांत केशरचनेचा विषय निघतो तो सणासुदीच्या पुरवणीत. पाच सोप्या हेअरस्टाइल, चार गुळगुळीत फोटो, की विषय संपला. त्या फोटोंत वातानुकूलित हॉलमधली नवरी असते. नेरळच्या फलाटावर एका हाताने छत्री आणि दुसऱ्या हाताने डबा सांभाळत धावणारी नर्स नसते. अर्धे बांधलेले केस ही त्या नर्सचीही रचना आहे आणि नवरीचीही. एकच बांधणी कामालाही चालते आणि समारंभालाही, यामागे चांगली ठोस कारणं आहेत. ती पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते. केस कसे बांधायचे याचा नियम असायला हरकत नाही, पण त्याचं कारण केसांशी, कामाशी, हवेशी किंवा प्रसंगाशी जोडलेलं असावं. ‘लोक काय म्हणतील’ हे कारण या यादीत बसत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक नियम नेमके त्याच कारणावर उभे आहेत.

आधी कामाचं पाहू. जुलैत भाताची लावणी सुरू झाली की या तालुक्यांतल्या बायकांचा दिवस चिखलात वाकून जातो. वाकलेल्या पाठीवरून लांब वेणी घसरते, खांद्यावरून पुढे येते आणि चिखलात बुडते. म्हणून मानेवर घट्ट बुचडा आणि वर इरलं किंवा हल्ली प्लास्टिकचा कागद. डोक्यावरून हंडे आणि लाकडाची मोळी आणणाऱ्या ठाकर-कातकरी बायकांचा अंबाडाही मानेलगतच असतो, कारण टाळूची जागा चुंबळीची. टाळूवर गाठ असेल तर चुंबळ डगमगते आणि वरचा हंडाही. फोटोत उंच अंबाडा कितीही डौलदार दिसो, पाणी भरायला तो कुचकामी.

चुंबळीचा हा हिशेब आता हेल्मेटला लागू झाला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे दुचाकीवर बसणाऱ्या चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे, मागे बसणारीलासुद्धा. पोशीर किंवा कळंबहून स्कूटीवर नेरळ स्टेशन गाठणाऱ्या मुलीने टाळूवर पोनी बांधली असेल तर हेल्मेट वर तरंगत राहतं आणि पट्टा लावूनही डोक्यावर नीट बसत नाही. क्लचरचे दात आतून टाळूला टोचतात ते वेगळंच. त्यावर मुलींनी काढलेला उपाय सरळ आहे. घरून निघताना दोन्ही बाजूंच्या बटा सैल पिळून मागे चपट्या पिनेने बसवायच्या, उरलेले केस जॅकेटच्या आत घालायचे, आणि क्लचर पर्समधून काढायचा तो गाडी पार्क केल्यावर.

मग लोकल. कर्जतपासून सीएसएमटी शंभर किलोमीटर, नेरळपासून सुमारे ८६. साडेनऊला दादर किंवा भायखळ्याच्या नोकरीवर हजर व्हायचं तर घर सहाच्या सुमारास सोडावं लागतं आणि त्याआधी डबा, पाणी, मुलांचं आवरणं. ज्या दिवशी केस धुवायचे त्या दिवशी ते वाळायला वेळच नसतो. ओले केस तसेच घट्ट बांधले तर आतून दमट राहतात, वास धरतात आणि संध्याकाळी सोडले तरी ओलेच लागतात. सगळे मोकळे सोडले तर दाराच्या वाऱ्याने गुंता होतो, शेजारणीच्या तोंडावर उडतात आणि एखादी बट कुणाच्या तरी बॅगेच्या चेनमध्ये अडकते. म्हणून वरचा भाग चापात, खालचा मोकळा. बदलापूर-कल्याण येईपर्यंत केस निम्मे वाळतात, ठाणं गेलं की वेणी घातली जाते. लेडीज डब्यात पिना, रबरं आणि क्लचर विकणाऱ्या फेरीवाल्यांना हे वेळापत्रक पाठ आहे.

ओल्या केसांवरचा हा उपाय इथल्याच बायकांना सुचला असं मात्र नाही. केरळात न्हाऊन आल्यावर दोन्ही कानांमागच्या बारीक बटा घेऊन त्यांची सैल वेणी मागे घालायची आणि बाकीचे केस तिच्याखाली मोकळे वाळू द्यायचे, अशी जुनी पद्धत आहे. तिला कुळिप्पिन्नल म्हणतात. देवळात जायचं तर चेहऱ्यावर केस नकोत आणि ओले केस आवळून बांधायचेही नाहीत, या दोन्ही गरजा त्यात भागतात. हवा दमट, पाऊस धो-धो आणि बायकांचे केस लांब. केरळ आणि कोकणपट्टीची अडचण सारखी, म्हणून उत्तरंही जवळपास सारखंच निघालं.

पावसाचा विषय निघालाच आहे तर पार्लरमधल्या एका नेहमीच्या तक्रारीचाही निकाल लावावा. ‘ताई, दोन तास बसून कर्ल केले आणि मांडवात पोचेपर्यंत सगळे सरळ!’ यात पार्लरवालीचा दोष क्वचितच असतो. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. त्याला आकार देणारे काही बंध अगदी दुबळे असतात. पाण्याने ते सुटतात आणि केस ज्या आकारात वाळतील त्या आकारात पुन्हा जुळतात. गरम रॉडने केलेला कर्ल याच बंधांवर टिकून असतो. कर्जत तालुक्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्या दमट हवेत केस ओलावा शोषत राहतात, बंध सुटतात आणि कर्ल उतरतो. स्प्रेचा अख्खा डबा रिकामा केला तरी केस चिकट होतील, कर्ल थांबणार नाही. अर्ध्या बांधणीचा फायदा असा की गाठ, पीळ किंवा बारीक वेणी हा टाळूकडचा भाग पिनांच्या आधाराने टिकतो. खालचे केस सरळ झाले तरी रचना बिघडल्यासारखी वाटत नाही. म्हणून श्रावणातल्या मंगळागौरीला किंवा गणपतीतल्या आरतीला जायचं असेल तर कर्लवर पैसे घालवण्यापेक्षा चांगल्या पिना घेतलेल्या बऱ्या.

पिनेचंही एक तंत्र आहे. साध्या काळ्या पिनेची एक बाजू सरळ असते, दुसरी नागमोडी. बहुतेक जणी नागमोडी बाजू वर ठेवतात, कारण ती शोभेची वाटते. तिचं काम खरं तर केस धरून ठेवण्याचं, त्यामुळे ती टाळूच्या बाजूला हवी. दोन पिना एकमेकींवर आडव्या, फुलीसारख्या लावल्या की निसरड्या केसांतही गाठ हलत नाही. आजीच्या पिढीत हेच काम आकडे करायचे. यू आकाराचा आकडा आधी केसांच्या उलट दिशेने खुपसायचा, मग फिरवून अंबाड्यात रुतवायचा.

आता लग्न. मराठी लग्नात नवरीच्या डोक्यावर जेवढा साज चढतो तेवढं काम केसांना दुसऱ्या कुठल्याच दिवशी करावं लागत नाही. मुंडावळ्या कपाळावरून जाऊन मागे बांधायच्या असतात. त्यांचा दोरा गुळगुळीत मोकळ्या केसांवर बांधला की पहिल्या मंगलाष्टकालाच घसरायला लागतो आणि करवली अंतरपाटाआड उभी राहून सारखी वर ढकलत बसते. टाळूमागे थोडा फुगवटा करून वरचे केस घट्ट बसवले की दोऱ्याला त्या फुगवट्याखाली खाच मिळते. तिथे तो अडकतो आणि वरून गजरा माळला की गाठही दिसत नाही. डोक्यावर घेतलेल्या शेल्यालाही पिन लावायला तीच जागा. बाकीचे केस पाठीवर मोकळे राहिले की नवरीची हौसही भागते. आठ-दहा वर्षं वाढवलेले केस लग्नाच्या दिवशीच गुंडाळून ठेवायचे, हे कुणाही मुलीच्या जिवावर येतं.

२९ एप्रिल २०११ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये केट मिडलटनचं लग्न झालं, तेव्हा तिचे केसही अर्धे बांधलेले होते. डोक्यावर कार्टिए कंपनीने १९३६ मध्ये बनवलेला हिऱ्यांचा मुकुट होता. तो बसायला टाळूवर केसांचा आधार हवा होता आणि बाकीचे केस ती एरवी ठेवते तसे मोकळे राहायला हवे होते. राजघराण्यातल्या लग्नाला केस पूर्ण बांधलेलेच हवेत अशी अनेकांची अपेक्षा होती, त्यामुळे तेव्हा त्याची चर्चाही झाली. मुकुट असो की मुंडावळ्या, डोक्यावरच्या दागिन्याला धरायला गाठ लागतेच.

मात्र प्रत्येक प्रसंगाला अर्धी बांधणी चालते असं म्हणणाऱ्यांनी रायगडातली हळद पाहिलेली नसावी. आगरी लग्नात हळदीची रात्र म्हणजे लग्नाइतकाच मोठा सोहळा. धवलारणीची गाणी, मग बँजो किंवा डीजे, मग नाच. हळद गालाला लावता लावता कधी केसांत जाते ते कळत नाही आणि केसांतली ओली हळद धुऊन काढता काढता लग्नाची सकाळ उजाडते. तिथे सगळे केस वर. मंगळागौरीची फुगडी, झिम्मा, पिंगा खेळताना गिरकीबरोबर मोकळे केस समोरचीच्या डोळ्यांत जातात. तिथेही खोपा किंवा घट्ट वेणीच बरी. एप्रिल-मेमध्ये कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी भर दुपारच्या मुहूर्ताला वऱ्हाडात उभं राहायचं असेल तर मानेवरचे मोकळे केस अर्ध्या तासात नकोसे होतात. मळणी यंत्राजवळ किंवा पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यापाशी मोकळी बट जिवावर बेतू शकते. औषधांच्या आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत केस जाळीच्या टोपीत जायलाच हवेत. हे सगळे नियमच आहेत, पण कारण कळलं की ते कुणाला जाचत नाहीत.

घट्ट बांधण्याच्या अट्टाहासाला तर वैद्यकानेही इशारा देऊन ठेवला आहे. रोज करकचून मागे ओढलेल्या केसांच्या मुळांवर ताण येतो. कपाळाच्या आणि कानशिलाच्या रेषेवरचे केस आधी विरळ होतात, मग जातात. सुरुवातीला ओळखून बांधणी सैल केली तर ते परत येतात. वर्षानुवर्षं ताण राहिला तर मुळंच निकामी होतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कपाळावरचा गेलेला पट्टा भरून यायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. ‘घट्ट बांध, म्हणजे केस वाढतील’ ही घरोघरची शिकवण त्यामुळे आता बाजूला ठेवायला हवी. अर्धी बांधणीही रोज एकाच जागी घट्ट केली तर तिथे तोच त्रास होणार, म्हणून गाठीची जागा बदलत राहिलेली चांगली.

फुलांचा हिशेब तर ऋतूवर चालतो. मोगरा उन्हाळ्याचा, पाऊस लागला की जुई येते आणि थंडीत शेवंती. आबोलीला वास नाही, पण ती दिवसभर कोमेजत नाही. बकुळ सुकली तरी सुगंध टिकवून ठेवते. अर्ध्या बांधलेल्या केसांत गजरा माळायचा तर तो गाठीभोवती, पिनांवरून गोल घ्यावा. मोकळ्या केसांवर सोडला तर ओल्या गजऱ्याच्या वजनाने खाली ओघळतो. दादरच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईतून पहाटे निघालेला मोगरा दुपारपर्यंत नेरळ-कर्जतच्या स्टेशनबाहेर गजरे होऊन विकायला आलेला असतो.

या गजऱ्यापाशी मात्र केसांचा विषय गंभीर होतो, कारण तो कुणी माळायचा आणि कुणी नाही हेही समाजाने ठरवून ठेवलं. नवरा असेपर्यंत वेणी, फुलं, कुंकू. नवरा गेला की सगळं काढायचं, आणि काही जातींत तर डोक्यावरचे केसही. विधवांचं केशवपन ही प्रथा महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात उघड चालत होती. तिला मोठा संघटित नकार दिला तो वस्तरा हातात असलेल्यांनी. ‘दीनबंधु’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं तिथे ठरलं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांतून आलेलं हे पाऊल होतं. ज्यांच्या हातून हे काम करून घेतलं जात होतं त्यांनीच हात आखडता घेतला, हे या घटनेचं मोठेपण.

पोशीरच्या परिसरात नाभिक समाजाचा अभिमानाचा वारसा आणखी जवळचा आहे. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ मध्ये जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच हुतात्मा भाई कोतवाल, वकील झाले आणि माथेरानच्या नगरपालिकेत निवडून आले. बेचाळीसच्या लढ्यात त्यांनी आझाद दस्ता उभा केला, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी साथीदार हिराजी पाटलांसह सिद्धगडावर हौतात्म्य पत्करलं. केस कापणाऱ्या समाजाला ‘बलुतेदार’ म्हणून हलकं लेखणाऱ्या काळात त्या समाजातून असा माणूस निघाला. कर्जत, नेरळ, मुरबाडमध्ये आजही त्यांचं नाव मानाने घेतलं जातं.

केशवपन गेलं, पण फुलांची बंदी मात्र राहिली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात थांबवायचं, असं ठरलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचं अनुकरण करावं असं परिपत्रक काढलं. परिपत्रकाने घरातली बोलणी थांबत नाहीत. कुणाच्या लग्नात विधवा मावशीने केस अर्धे बांधून त्यात शेवंती माळली तर मांडवात कुजबुज होते. तिच्या केसांना, कामाला, हवेला किंवा त्या आनंदाच्या प्रसंगाला त्या शेवंतीची अडचण नसते. अडचण असते ती बघणाऱ्यांना.

शाळेतल्या नियमांचं मूळही बरंचसं इथेच आहे. मुलींनी दोन वेण्या घालाव्यात, वर बांधाव्यात, रिबन अमुक रंगाची असावी, असे नियम अनेक शाळांत आहेत. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं कारण एकच, ते म्हणजे उवा. आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत मुली डोक्याला डोकं लावून झोपतात, एकच फणी वापरतात, आणि उवा एका डोक्यावरून दुसऱ्यावर जायला केसांना केस लागले की पुरे. तिथे केस बांधलेले असणं योग्यच. मग तेवढंच सांगा. ‘वर्गात केस बांधलेले असावेत, फणी आपापली आणावी’ एवढ्या नियमात उवांचं कारण पूर्ण होतं. दोनच वेण्या का, एक का नाही, रिबन लालच का, आणि दहावीच्या निरोप समारंभाला साडी नेसून आलेल्या मुलीने वर चाप लावून केस मागे सोडले तर तिला रांगेतून बाजूला का काढायचं, याचं उत्तर उवांकडे नाही. ‘मुली बिघडतात’ हे उत्तर कुणी देत असेल, तर तो नियम मुलींच्या केसांसाठी नसून मोठ्यांच्या मनातल्या भीतीसाठी आहे.

शिस्त लावणाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो. एकीला सूट दिली की सगळ्या आरशासमोर उभ्या राहतील आणि अभ्यास बाजूला पडेल. आक्षेप अगदीच चुकीचा नाही; शाळेच्या वेळात क्लचरचे नवे-नवे प्रकार दाखवण्याची चढाओढ लागू शकते. पण चढाओढ थांबवायला साधा काळा चाप पुरेसा आहे, दोन वेण्यांची सक्ती कशाला? शिवाय पहाटे उठून चुलीपाशी आईला मदत करून दोन-तीन किलोमीटर चालत येणाऱ्या मुलीला दोन वेण्या घालायला दुसऱ्या कुणाचे तरी हात लागतात. चाप तिचा तिला लावता येतो. नियम करणाऱ्यांनी एकदा सकाळी साडेसहाला वाडीवर जाऊन हे पाहावं.

या सगळ्या कारणांची जाण ज्यांच्याकडे आहे, त्या गावातल्या पार्लरवाल्या ताई. पुढच्या खोलीत आरसा, एक फिरती खुर्ची, ड्रायर आणि भिंतीवर लॅमिनेट केलेले नवरीचे फोटो, एवढ्या भांडवलावर अनेक जणींचा धंदा उभा आहे. कुठल्या घरात हळद किती लावतात, मांडव कौलाच्या ओटीत आहे की उघड्यावर, नवरीचे केस पातळ आहेत की दाट, मुंडावळ्यांचा दोरा कुठे बसेल, हे त्यांना न सांगता कळतं. पण कर्जतच्या फार्महाऊसवर आणि रिसॉर्टवर होणाऱ्या बड्या लग्नांत त्यांना सहसा बोलावणं नसतं. तिथे नवरीची माणसं मुंबई-पुण्याहून येतात, त्यांच्याबरोबर हेअर स्टायलिस्टही.

हे कौशल्य दुय्यम मानण्याची सवय फक्त गावाची नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत संघटनेच्या नियमामुळे बायकांना हेअर ड्रेसरचं कार्ड मिळायचं, मेकअप आर्टिस्टचं पुरुषांनाच. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. खालापूर तालुक्यात चौकजवळ कला दिग्दर्शक नितीन देसाईंनी २००५ मध्ये उभारलेल्या स्टुडिओत ‘जोधा अकबर’चे महाल उभे राहिले, ऐतिहासिक मालिका झाल्या, खोपे आणि टोप शेकड्यांनी बसवले गेले. त्या दारावरून रोज जाणाऱ्या मुलींना तिथलं काम मिळवायला लागणारं प्रशिक्षण मात्र दूर शहरात शोधावं लागतं.

आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत नाभिक आहे आणि गजरे-हार करणारा मालाकारही आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत अशी तरतूद आहे. ब्यूटी पार्लर असं वेगळं नाव मात्र त्या यादीत नाही, त्यामुळे आपला धंदा कुठल्या रकान्यात लिहायचा इथेच अनेक जणी अडतात. कर्जत आणि खालापूरच्या पंचायत समित्यांना यात दोन गोष्टी लगेच करता येतील. नाभिक व्यवसायाच्या नोंदणी शिबिरात पार्लर चालवणाऱ्या महिलांनाही बोलवावं आणि त्यांचे अर्ज भरून घ्यावेत. आणि तालुक्यातल्या रिसॉर्टचालकांची त्यांच्याशी बैठक घडवून नवरीच्या केशरचनेसाठी स्थानिक स्टायलिस्टची यादी प्रत्येक लग्नाच्या बुकिंगबरोबर ग्राहकांच्या हाती द्यावी.

शाळांचं काम याहून सोपं आहे. जूनमध्ये गणवेशाचं पत्रक निघतं तेव्हा त्यातली केसांची ओळ मुख्याध्यापकांनी पालक सभेत मोठ्याने वाचून दाखवावी आणि तिच्यापुढे कारण लिहावं. उवा, प्रयोगशाळेतला बर्नर, कबड्डीचं मैदान ही कारणं चालतील. कारण लिहिता आलं नाही तर ती ओळ त्याच सभेत खोडावी. तुळशीच्या लग्नानंतर मांडव पडायला लागतील, तोवर निदान दहावीच्या मुलींच्या निरोप समारंभाचा प्रश्न तरी मिटलेला असेल.